शार्कचा खडक आणि तीन ठोके

माझ्या बाबांना शार्क बघायचा होता. बास, एवढ्यासाठी आमची मोहीम! ज्याला सांगावं तो हसायचा, कारण बाबांचा सगळा जन्म पाण्याखालीच गेला होता. गोदीत जहाजं येतात, त्यांच्या बुडाला शिंपले चिकटतात, शेवाळ धरतं. ते खाली उतरून खरवडून काढायचं, हे त्यांचं काम. वरून नळीने हवा, कमरेला दोर आणि हातात खरवडणी. "एवढी वर्षं समुद्रात काढलीत आणि शार्क पाहिला नाहीत?" असं लोक विचारायचे तेव्हा माझं डोकं फिरायचं. अहो, कसला समुद्र! गोदीचं पाणी म्हणजे तेल, गाळ आणि सगळ्या गावाची घाण. नाकासमोर धरलेला स्वतःचा हात दिसत नाही तिथे! माझ्या बापाने आख्खं आयुष्य पाण्यात घातलं आणि त्याला दिसलं काय, तर काहीच नाही.

त्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी घोडं अडवलं. "डाव्या कानाचा पडदा फार पातळ झालाय," त्या म्हणाल्या. "हा हंगाम शेवटचा समजा. मी हो म्हणत नाहीये, फक्त नाही म्हणत नाहीये. पडदा फाटून थंड पाणी आत गेलं, तर डोकं असं गरगरेल की वर कुठे आणि खाली कुठे ते कळणार नाही. पाण्याखाली तसं झालं तर माणूस परत येत नाही."

दवाखान्याच्या जिन्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे या हंगामात जाता येईल!"

"तुम्ही फक्त तेवढंच ऐकलंत?"

"कान अधू आहे ना माझा," बाबा म्हणाले आणि दोन दोन पायऱ्या उतरत सुटले.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल जेवायला मोकळं मिळेनासं झालं. त्यावर समुद्राचा नकाशा पसरलेला असायचा आणि जिथे खडक होता तिथे बाबा मिठाची बरणी ठेवायचे. हा खडक पाण्यात बुडालेला, किनाऱ्यापासून खूप आत. थंड प्रवाह तिथून जातो त्या दिवसांत हातोडीसारख्या डोक्याचे शार्क झुंडीने तिथे येतात, असं गोदीवरच्या खलाशांनी त्यांना कधीकाळी सांगितलं होतं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं असा तो पल्ला नाही. त्यासाठी राहती बोट लागते. झोपायचं बोटीवर, जेवायचं बोटीवर आणि बुड्याही तिथूनच मारायच्या.

"मीठ द्या इकडे," आई म्हणायची. "भाजी आळणी झालीय."

"थांब गं, खडक हलेल!"

"हलू दे. निवृत्त झालात तेव्हा वाटलं होतं, आता तरी घरात कोरडा माणूस बघायला मिळेल."

बोटवाल्यांनी तर वीट आणला. एकीकडे वय आडवं आलं. दुसरीकडे पाठीवर टाकी घेऊन पोहण्याचं शिक्षण झाल्याचं कार्ड मागितलं. फोनवरच्या मुलीला मी म्हटलं, "बाई गं, तुझ्या जन्माच्या आधीपासून हा माणूस पाण्याखाली आहे!" ती गोड आवाजात म्हणाली, "हो का? मग कार्ड असेलच." मी फोन आपटला.

कार्ड काढणं भाग होतं. मी पोहण्याच्या तलावावर शिकवते. दिवसभर काठावरून ओरडायचं काम, त्यामुळे घरीही माझा आवाज खाली येत नाही अशी आईची तक्रार असते. टाकीचं शिक्षण मी आधीच घेतलेलं होतं. परीक्षा घेणारा ओळखीचा होता, तयारी करून घेणं माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी बाबा तलावाच्या तळाशी मांडी घालून बसले आणि मी समोर जाऊन बघते तर काय, काचेआड डोळे गच्च मिटलेले! मी त्यांना वर काढलं.

"बाबा, डोळे मिटून कोण पोहतं?"

"अगं, सवय. गाळात डोळे उघडे ठेवले की नुसत्या सावल्या दिसतात आणि हात चुकतात. मिटले की हात बरोबर चालतात."

"इथे हातांना काय काम आहे? बघायला निघालात ना तुम्ही?"

मग रोज तेच. "बाबा, डोळे!" मी खुणेने सांगायची आणि ते दचकून उघडायचे. हळूहळू सवय मोडली. निदान मला तरी तसं वाटलं. पण कार्ड, डॉक्टरीणबाईंची सही आणि बोट हे सगळं जुळेपर्यंत हंगाम संपत आला होता.

शेवटी एक म्हातारी बोट मिळाली. तिची मालकीण तीच कप्तान. आवाज घोगरा, केस आखूड, उगाच गोड बोलणं नाही. खाली नेणारा वाटाड्या म्हणजे एक उंचच उंच माणूस, त्याला सगळे लांब्या म्हणायचे. बाकीच्या प्रवाशांनी ऐनवेळी नावं काढून घेतली होती. का, ते कप्तानबाईंनी धक्क्यावरच सांगून टाकलं.

"मागच्या फेरीत एक शेपूटसुद्धा दिसलं नाही. त्याच्या मागच्या फेरीतही नाही. पाणी तापलंय, जाळ्यांनी खडक भरलाय. ते परत येतील असं मला वाटत नाही. परत फिरायचं असेल तर आत्ताच फिरा."

मी बाबांकडे वळले. बाबा धक्क्यावर नव्हतेच! ते बोटीत शिरून झोपायच्या खालच्या फळीवर मोजे पसरून, उशी थोपटून, दिवा लागतो का ते बघत होते. मीही बॅग आत टाकली.

समुद्राने आमचं स्वागत काही नीट केलं नाही. किनारा दिसेनासा झाला तशा लाटा आडव्या आल्या. कपाटातली भांडी दार उघडून स्वतःच बाहेर आली. मी बादली धरून पडले. बाबा मात्र मजेत! मधूनमधून येऊन ते माझ्या कपाळावर ओला रुमाल ठेवायचे आणि म्हणायचे, "तलावाचं पाणी हलत नाही ना, म्हणून असं होतं."

खडकावर पोचलो तेव्हा पाणी निळंशार आणि आरपार स्वच्छ होतं. पहिल्या बुडीत बाबा खाली गेले आणि अर्ध्या वाटेवरच थांबले. मला वाटलं, कान दुखला. पण ते स्वतःचे दोन्ही हात समोर धरून बघत होते. उलटे, सुलटे, बोटं पसरून. समुद्राच्या पाण्यात त्यांनी आपले हात पहिल्यांदाच पाहिले होते! मला काचेआड रडू फुटलं, आणि काचेआड रडणं फार अवघड असतं.

पण शार्क? एक नाही! दुसऱ्या बुडीतही नाही. खडकावर फाटकी जाळी लोंबत होती, चार भेदरलेले मासे होते आणि पुढे नुसतं निळं पाणी. जेवताना लांब्या ताटात बघत म्हणाला, "पूर्वी इथे उतरायला जागा नसायची." कप्तानबाई म्हणाल्या, "पूर्वीचं सोड." बाबांनी दोघांचं ऐकलं, तोंड पुसलं आणि विचारलं, "खडकाच्या पलीकडच्या टोकाला काय आहे?"

पलीकडच्या टोकाला प्रवाह होता. तिथे शार्क येण्याची शक्यता जास्त आणि माणूस वाहून जाण्याचीही. कप्तानबाईंनी खूप वेळ पाण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "एकच बुडी. हिच्या भरवशावर. सरळ खाली जायचं, खडक धरायचा आणि सोडायचा नाही."

उतरलो! पाणी हाडं गोठवणारं. प्रवाहाने अंगावरच झडप घातली. लांब्या पुढे, मध्ये बाबा, मागे मी. खडक हाताला लागला. धरला! बोटं खरचटली. तोंडातली नळी थरथरत होती, बुडबुडे वर जायच्या ऐवजी आडवे पळत होते. बाबांची पाठ माझ्यापुढे दोन हातांवर, पण तेवढं सरकणंही जमेना. आम्ही चिकटून राहिलो.

आणि ते आले!

आधी एक सावली. मग दुसरी. मग निळ्या पाण्यातून एकामागून एक, रुंद चपटी डोकी हलवत, पंख न हलवता ते प्रवाहाच्या विरुद्ध चालत आले. हो, चालतच आले, इतके शांत! आमच्या डोक्यावरून त्यांची पांढरी पोटं जाऊ लागली. एक एवढा जवळून गेला की त्याच्या कडेचा डोळा माझ्यावरून फिरला. बाबा! बाबांचं डोकं खाली होतं. वर बघा ना, बाबा! ओरडता येत नव्हतं, हात पोचत नव्हता. मी कमरेची सुरी काढली आणि तिच्या मुठीने माझ्या टाकीवर ठोकलं. ठण्! ठण्! ठण्!

बाबा हलले. त्यांनी खडकाला मिठी मारली. मी म्हटलं, ऐकू गेलं, आता बघतील. ठोकल्यावर न बघणारा माणूस असतो का? मी पुन्हा वर पाहिलं आणि बघतच राहिले. झुंड संपता संपत नव्हती. मग ती निळ्यात विरून गेली.

लांब्याने वर जायची खूण केली. बाबांनी खडक सोडला, आणि प्रवाहाने त्यांना उचललं! वर नाही, खाली! खडकाच्या कड्यावरून पाणी सरळ खोल कोसळत होतं. मी झेप घेतली. त्यांच्या टाकीचा पट्टा माझ्या हाती आला. दोघंही खाली! अंधार वाढला, कान फुटायला आले. लांब्याने वरून माझा पाय धरला. पाय मारले, आणखी मारले. आम्ही कड्यापासून बाजूला सरकलो, प्रवाह सैल झाला आणि आम्ही हळूहळू वर यायला लागलो. बाबांनी माझा हात असा आवळला होता की बोटं बधिर झाली. एकदम वर येणं धोक्याचं असतं, म्हणून मध्ये थांबायचं तेवढं थांबलो. मग एकदाचं डोकं वर निघालं. जिवंत होतो!

बोटीवर ओढून घेतल्यावर बाबा फळ्यांवर आडवे झाले. मी हसत होते, रडत होते, थरथरत होते, सगळं एकदम. "बाबा, जीव गेला असता! पण पाहिलेत ना? किती होते! डोक्यावरून गेले आपल्या! पाहिलेत ना?"

बाबांनी विचारलं, "काय पाहिलं?"

"शार्क! मी ठोकलं नव्हतं का?"

"ठोकलंस ना. तीन ठोके." ते कोपरावर उठले. "गोदीत वरचा माणूस जहाजाच्या पत्र्यावर तीन ठोके देतो. म्हणजे जहाजाचा पंखा फिरणार आहे, असशील तिथे चिकटून राहा, हलू नकोस. मी तोंड खडकाला लावलं आणि डोळे मिटले. चौथा ठोका पडेपर्यंत हलायचं नसतं. तू चौथा दिलाच नाहीस."

तलावावर एवढं शिकवलं, खुणा घोकून घेतल्या, पण गोदीत ठोक्याचा अर्थ काय होतो हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. आणि ते तरी का सांगतील? त्यांच्या लेखी ते श्वास घेण्याइतकं साधं होतं.

तेवढ्यात लांब्याने त्यांच्या गळ्याकडे बोट दाखवलं. डाव्या कानातून रक्ताचा ओघळ आला होता. बाबा उठून उभे राहिले आणि लगेच बाजूला कलंडले. कप्तानबाईंनी त्यांना धरलं.

"सकाळी," बाबा म्हणाले. "सकाळी एकदाच. ते आलेत म्हणजे सकाळीही असतील. कापूस घालतो कानात. डोळे मी चिकटपट्टीने उघडे ठेवीन हवं तर! एकदाच, कप्तानबाई."

"मी हिच्या भरवशावर तुम्हाला आणलंय," कप्तानबाई म्हणाल्या. "ही सांगेल तसं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबाही. गोदीच्या गाळात हात घालून ज्याने मला वाढवलं, तो माणूस माझ्याकडे मागत होता, आणि तेही फक्त डोळे उघडून बघण्यापुरतं. मला डॉक्टरीणबाई आठवल्या. जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरणारे बाबा आठवले. हो म्हणावं असं इतकं वाटलं की मी दात आवळले.

"बोट फिरवा," मी म्हटलं.

"अगं..."

"बाबा, नाही! तुम्हाला आत्ता उभंसुद्धा राहता येत नाहीये! नाही म्हणजे नाही!" मी तलावावर ओरडते तशी ओरडले. इंजिन सुरू झालं. निळं पाणी मागे पडू लागलं, आणि बाबा त्याच्याकडे पाठ करून बसले.

परतीच्या वाटेवर मी त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी तो घेतला, पण प्यायले नाहीत. मग म्हणाले, "नव्हते म्हणायचंस ना. 'बाबा, तिथे काहीच नव्हतं,' एवढं बोलली असतीस, तर मी सुखाने घरी आलो असतो."

"मला काय माहीत, बाबा! मला वाटलं, तुम्ही पाहिलेत."

"हं," ते म्हणाले. मला त्यांची इतकी कीव कधी आली नव्हती, आणि स्वतःचा इतका राग. त्यांच्याशेजारी बसायचीही लाज वाटली. तरी बसले.

घराचं दार आईने उघडलं. आधी तिने बाबांच्या कानावरची पट्टी पाहिली, मग त्यांना हाताने चाचपून पाहिलं. माणूस धड आहे एवढी खात्री झाल्यावर तिचा चेहरा उजळला. आमची बॅग आत ओढत तिने विचारलं, "अहो, मग? दिसले का एकदाचे?"

बाबांनी भिंतीला हात लावून तोल सावरला.

"हिला दिसले," ते म्हणाले आणि आत गेले.