एकाच ठाणाच्या चिंध्या

दिवा जरा पुढं ओढा, मग सांगतो. ही गोष्ट मात्र रात्रीची नाही, भर दुपारची आहे. मला तर अजूनही दुपारचीच भीती वाटते.

मानमोडीच्या तापाचं साल होतं ते, एकोणीसशे अठरा. कामरगावात आमचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता आणि कुंपणापलीकडे सैफुद्दीन रंगाऱ्याचं घर. माझी जिजा आणि त्याची मेहरू, दोघी नऊ-नऊ वर्षांच्या, एकाच आठवड्यात तापानं पडल्या. आमच्याकडे रीत अशी, की आजाऱ्याच्या अंगावरच्या कपड्याची चिंधी पिराच्या टेकडीवरल्या चिंचेला बांधायची आणि नवस बोलायचा. माणूस उठला की चिंधी सोडून गूळ वाटायचा. नाही उठला, तर चिंधी तिथंच कुजते. मी बांधली, सैफुद्दीननंही बांधली. तिसऱ्या दिवशी मेहरू गेली. त्याच संध्याकाळी जिजानं डोळे उघडले.

शेजारी रडारड चाललेली असताना मी देवापुढं लोटांगण घातलं. खोटं कशाला बोलू, लाज वगैरे काही वाटली नाही. माझी पोर वाचली होती.

आठ दिवसांनी गूळ घेऊन टेकडीवर निघालो, तर बायकोनं दारातच अडवलं. "पोरगी उठल्यापासून एक शब्द बोलली नाही," प्रयागबाई हळूच म्हणाली. "नुसती राखेनं नखं घासून राह्यली."

"अशक्तपणा हाये तो. नवस फिटला का बोलते."

जिजा ओट्यावर बसली होती. राखेत बोट बुडवून एकेक नख घासत होती. नखं तर स्वच्छ होती. निळीनं बरबटलेली नखं मेहरूची असायची, ती बापाला कापड निळीत बुडवायला मदत करायची म्हणून. मी मनावर घेतलं नाही आणि वाटेला लागलो.

टेकडीवर पानही हलत नव्हतं. चिंचेखाली सैफुद्दीन बसला होता, दुवेसाठी हात पसरून. मी थबकलो. पोर पुरून आठ दिवस झालेल्या बापासमोर नवस कसा फेडायचा?

"या रंगरावभाऊ," तो म्हणाला. "मी रोज येतो इथं. शुकर अदा करायले, पिराचे आभार मानाले."

"शुकर? कायचा?"

"माही दुवा कबूल झाली ना."

दुःखानं बिचाऱ्याचं डोकं फिरलं, असं मला वाटलं. मी गुपचूप माझी चिंधी शोधू लागलो. तो उठला आणि त्यानं एक फांदी खाली ओढली. "हे तुमची. हे माही. नीट पाहा."

दोन्ही चिंध्या निळ्या होत्या, आणि दोन्हींवर तेच पांढरे ठिपके.

"हे कापडाचं ठाण म्या मेहरूसाठी रंगवलं होतं. तिचा कुरता शिवला, ओढनी शिवली. दुसऱ्या कोनाले हात नाही लावू देल्ला."

मला आठवलं. दसऱ्याला मेहरूनं ती ओढणी हौसेनं जिजाला दोन दिवस घालायला दिली होती. तापात जिजा तीच पांघरून पडली होती. घाईघाईत मी तिचाच काठ फाडला होता.

"दोन बापांनी एकाच पोरीसाठी मागितलं, भाऊ," सैफुद्दीन म्हणाला. "पिरानं देल्लं. घर तेवढं चुकलं. तुमच्या जिजासाठी… कोनीच नाही मागितलं."

"तोंड सांभाळ, सैफू!"

"मंग चला माह्यासंगं."

टेकडीच्या पायथ्याशीच कबरस्तान होतं. मेहरूच्या कबरीची माती अजून बसली नव्हती. ऊन डोक्यावर होतं आणि ढेकळांना ओला, कोंदट वास येत होता.

"कान लावा," तो म्हणाला.

मी गुडघे टेकून कान लावला. काहीच नाही. हायसं वाटलं, मी मनात देवाचे आभार मानायला लागलो. आणि खालून आवाज आला. दबलेला, घशाला कोरड पडलेला.

"बाबा… मले घरी न्या ना… बाबा…"

मेहरू आपल्या बापाला अब्बा म्हणायची.

माती भुसभुशीत होती. हातांनीही उकरता आली असती. पण मला ओट्यावरची पोर दिसली. चेहरा जिजाचा, हात-पाय जिजाचे, भाकर खाणारी, चालतीफिरती. आणि हिला वर काढली, तर आठ दिवसांचं ते काय माझ्या हाती येणार होतं? हो, मी घाबरलो. पोटच्या पोरीला घाबरलो. उठलो आणि गुडघे झटकले.

"मले काही ऐकू नाही आलं," मी म्हणालो.

सैफुद्दीननं माझ्या गुडघ्यांनी दबलेली माती हातानं सारखी केली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मलेही नाही."

त्याला तरी कबर कशाला उघडायची होती? त्याची पोर माझ्या ओट्यावर जिवंत होती. मी त्याला गूळ दिला. त्यानं खाल्ला. मीही खाल्ला. नवस फिटला.

घरी पोचलो तर प्रयागबाई दारातच हसत-रडत उभी. "बोलली हो पोरगी! आत्ताच बोलली, तुमाले इचारून राह्यली!" असं म्हणून ती देवापुढं साखर ठेवायला आत पळाली.

ओट्यावरच्या पोरीनं मान वर केली. उठल्यापासून पहिल्यांदाच तिनं मला हाक मारली.

"बाबा," ती म्हणाली, "म्या इतक्या हाका मारल्या… तुमी उठून गेले काहून?"