मानेवरची बट

संग्रहालयाच्या दालनात मी आर्द्रता मोजायला गेले, तेव्हा तो एका बाईच्या गालाला थुंकी लावत होता.

“अहो, हे काय!”

“थुंकी.” कापसाची काडी ओठांतून काढत तो म्हणाला. “काजळी हिनेच हळुवार निघते. रसायनवाल्या ना तुम्ही? ठाऊक असेल.”

ठाऊक होतं. पण चित्रं दुरुस्त करणारा माणूस असा डोळ्यांतून हसला, की शिकलेलं काही आठवत नाही…

चित्रातली बाई दोनशे वर्षांपूर्वीची. पांढरा झगा, दगडात कोरल्यासारख्या चुण्या, मागे नुसती तपकिरी भिंत. ब्रशचा फटकारा शोधून सापडेना. त्वचा तर चिनी मातीच्या कपासारखी नितळ.

“गर्विष्ठ दिसते,” मी म्हणाले.

“छे! बोटं बघा – खुर्ची कशी गच्च धरलीय. ताठ बसलीय, पण घाबरलीय बिचारी.”

मी पुन्हा पाहिलं. खरंच की!

मग त्या दालनाची हवा मला रोजच मोजावीशी वाटू लागली.

एके दुपारी त्याने द्रावकाची बाटली उघडली होती. “ही मानेवरची बट आज पुसतो. सगळं चित्र इतकं शिस्तीचं, आणि ही एका झटक्यात ओढलेली! नंतर कुणीतरी आगाऊपणा केलाय.”

“थांबा!” पुसली की गेलीच ती, कायमची. “आधी मला बघू द्या.”

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्याचा खांदा इतका जवळ, की फोकसच जमेना…

“रंगाची भेग मानेवरून बटेतून आरपार गेलीय. बट नंतरची असती, तर तिचा रंग भेगेत उतरला असता. दोन्ही एकाच चित्रकाराचं काम आहे.”

तो वाकला. बराच वेळ पाहत राहिला. मग बाटलीला बूच लावलं.

“पुसून बसलो असतो मी…” तो म्हणाला. “पण एवढा नेमाचा माणूस इथेच का चुकला?”

“चुकला नाही. रोज समोर तीच मान, आणि एक दिवस बट सुटली. राहवलं नसेल.”

“म्हणजे प्रेमात होता?”

“एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत.”

“मग दुसरा नमुना घ्या.”

“नमुना तर तुम्ही आहातच!”

“ऐका ना…” त्याने काडी खाली ठेवली. “महिनाभर मीही शिस्तीत वागतोय. आता राहवत नाही.”

“मग वागा की बेशिस्त,” मी म्हणाले – आणि माझेच कान गरम झाले.