एका पायावर दहा सेकंद

सुनंदानं त्या माणसाचा शर्ट धरला, तेव्हा तिला त्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

झालं असं, की दिवाळी नुकतीच सरली होती आणि दहिवलीच्या शाळेच्या हॉलमध्ये पन्नाशीपुढच्या माणसांसाठी शिबिर लागलं होतं. सुई नाही, रक्त नाही, नुसतं उठायचं, बसायचं, उभं राहायचं. फिजिओथेरपिस्ट हर्षला, वयानं पंचविशीची असेल-नसेल, मोबाइलमधलं घड्याळ लावून समोर उभी होती.

"मावशी, एक पाय उचला. दहा सेकंद. कशालाही धरायचं नाही हं."

"एवढंच?" सुनंदा हसली. अठ्ठावन्न वर्षांची, जन्मभर डोक्यावरून भाताचे भारे वाहिलेली बाई ती. तिनं साडीचा काठ जरासा वर खोचला, उजवा पाय उचलला... एक, दोन, तीन — आणि जमीन एकदम होडीसारखी डुलली. तिचा हात हवेत फिरला आणि शेजारच्या रांगेतल्या उंच माणसाच्या शर्टावर जाऊन पडला. तो गृहस्थही नेमका त्याच वेळी एका पायावर! दोघांनी एकमेकांना धरून अर्धी गिरकी घेतली आणि दोघंही भिंतीला जाऊन टेकली. शर्टाचं बटण उडालं ते थेट हर्षलाच्या टेबलाखाली.

"तुमचे किती झाले?" त्यानं भिंतीला टेकूनच विचारलं.

"तीन... तुमचे?"

"चार. म्हंजे दोघांचे मिळून सात." तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "आणखी एक माणूस धरला असतात, तर पास होतो आपण."

सुनंदाला हसू आवरेना. किती दिवसांनी ती अशी हसली होती — तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

त्याचं नाव प्रवीण बडेकर. बासष्ट वर्षांचा, चौक गावी, जुन्या हायवेवर त्याचं गॅरेज. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. चुलतबहिणीला स्कूटरवरून सोडायला आला होता, तर तिनंच त्याचंही नाव लावून टाकलं.

"जन्मभर चाकांचं बॅलन्सिंग केलं," तो मान हलवत म्हणाला, "आणि स्वतःचं कधी गेलं ते कळलंच नाय बघा!"

सुनंदा हसली खरी, पण तीन हा आकडा काही तिच्या डोक्यातून जाईना.

दसऱ्याच्या आधी ती ओल्या पडवीत घसरून पडली होती. मोडलं काही नव्हतं. पण उठताच येईना. एकदा गुडघा धरून बघितला, एकदा खांबाकडं सरकून बघितलं... शेजारची जना दूध मागायला आली तोवर दीड तास गेला होता. तेव्हापासून रूपेशनं — तिच्या एकुलत्या एका मुलानं — धोशा लावला होता. "आई, आता बास. पनवेलला चल. तुझा फोन एक रिंग जास्त वाजला, तरी माझ्या छातीत धस्स होतं."

मुलगा वाईट नव्हता. त्याचं प्रेमच बोलत होतं. पण नवरा गेल्यावर अकरा वर्षं सुनंदानं हे घर एकटीनं उभं ठेवलं होतं. मागच्या तुकड्यात भात निघाल्यावर वाल लावायची. सकाळी दार उघडलं की धुक्यातून वालाच्या ओल्या वेलांचा वास यायचा. पनवेलला रूपेशच्या सातव्या मजल्यावर दार उघडलं, तर समोर दुसरं दार.

"पोरी, खरं सांग," तिनं शिबिर संपल्यावर हर्षलाला गाठलं. "तीन सेकंद म्हंजे माझे दिवस भरले का गं?"

"छे हो, मावशी! हे काही भविष्य नाही." हर्षलानं तिचा हात हातात घेतला. "पायात ताकद किती, तोल किती, याचा हा साधा अंदाज. आकडा कमी आला, तर पडायचा धोका जास्त आणि अंगही लवकर थकतं, हे खरं. पण हा आकडा वाढवता येतो. तुमच्या वयातसुद्धा."

एवढं ऐकलं आणि सुनंदानं त्याच संध्याकाळी मुलाला फोन लावला.

"रूपेश, माघी गणपतीपर्यंत मला वेळ दे. तीन परीक्षा हायत. एका पायावर दहा सेकंद. अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून बारा वेळा उठायचं, हात न लावता. आणि जमिनीवर बसून, हात न टेकता उभं राहायचं. तिन्ही तुझ्यासमोर देईन. पास झाले तर इथंच राहीन. नापास झाले तर माझी पिशवी मीच भरीन. तुला एक शब्द बोलावा लागणार नाय."

मग रूपेश म्हणाला, "तू खरंच भरशील पिशवी?"

"मी कधी खोटं बोलले का रं तुझ्याशी?"

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेसातला हॉलमध्ये सराव सुरू झाला. हर्षलानं जोड्या लावल्या. "एकानं करायचं, दुसऱ्यानं शेजारी उभं राहायचं. धरायचं नाही, पण पडू द्यायचं नाही!"

चौकहून थंडीत कुडकुडत स्कूटर हाणत आलेला प्रवीण नेमका सुनंदाच्या शेजारी येऊन उभा राहिला. शर्टाला नवं बटण होतं — पांढऱ्या शर्टाला निळं.

"हे कुणी लावलं?" तिनं विचारलं.

"मीच. कसं दिसतंय?"

"टायरला पंक्चर काढल्यासारखं."

"मग तुमी लावून द्या. तोडलंत तुमीच."

"आधी पाय उचला," सुनंदा म्हणाली आणि उगाचच खिडकीबाहेर बघू लागली.

पुढच्या शुक्रवारी मात्र तिच्या पिशवीत सुईदोरा होता.

दिवस असे जात राहिले. सुनंदा भाजी चिरता चिरता खुर्चीवरून उठायची, बसायची. चहा उकळेपर्यंत ओट्याशी एका पायावर उभी राहायची, बोटं ओट्यापासून चार अंगुळं वर धरून. पहिल्या आठवड्यात मांड्या अशा भरून आल्या, की पायरी उतरताना डोळ्यांतून पाणी यायचं. तरी एक दिवस चुकवला नाही. तिनाचे पाच झाले, पाचाचे सहा. खुर्चीचे आठाचे अकरा झाले. जमिनीवरून उठणं तेवढं जमेना. दर वेळी हात आपोआप खाली जायचा.

"मावशी, एक हात टेकला तरी चालतो हो," हर्षला म्हणायची. "पुष्कळ चांगलं आहे ते."

"तुला चालतो गं, मला नाय चालत," सुनंदा म्हणायची आणि परत खाली बसायची.

प्रवीण मध्येच डोळे मोठे करून बघत राहायचा.

"काय बघताय?"

"इंजिन बघतोय. चाळीस वर्षं गाड्या बघितल्या, एवढं पिकप कुठं दिसलं नाय."

"गाडी म्हणता होय मला!"

"चांगल्या अर्थानं म्हणतो... मला दुसरं चांगलं बोलताच येत नाय. काय करू?"

तिचे कान गरम व्हायचे. या वयात! घरी जाताना ती स्वतःशीच चिडायची, आणि मंगळवार उजाडला की दोन वेण्यांची पोर असल्यासारखी आरशापुढं जरा जास्त वेळ रेंगाळायची.

पौष अर्धा सरला असेल. सराव आटपून दोघं शाळेच्या पायरीवर बसले होते. तिनं आणलेल्या वालाच्या उकडलेल्या शेंगा तो सोलत होता. सोललेले दाणे स्वतः न खाता तिच्याच हातावर ठेवत होता.

"सुनंदाबाय," तो एकदम म्हणाला, "ही परीक्षेची कटकट कशाला करता? मी... मी हाय ना! चला माझ्याकडं, चौकला. रीतसर लग्न करू. तुमाला काय कमी पडू देणार नाय. पडलात तर उचलायला मी हायच."

तिच्या हातावरचे दाणे तसेच राहिले.

ते शब्द तिला हवेसे वाटले होते, हे तिला कळलं. पण त्याच्यामागोमाग दुसरंच काहीतरी उसळून वर आलं.

"मुलगा म्हणतो, माझ्याकडं चल. तुमी म्हणता, माझ्याकडं चला." तिनं दाणे पायरीवर ठेवले. "मी पडणारच, हे दोघांचंही ठरलेलं! दोन महिने माझ्या शेजारी उभे राहिलात आणि तुमाला एवढंच दिसलं? मी उठायला शिकतेय हो. उचलून घ्यायला नाय."

सुनंदा उठली आणि मागं न बघता निघून गेली.

त्यानंतरच्या मंगळवारी तो आला नाही. शुक्रवारीही नाही. हर्षला स्वतः तिच्या शेजारी उभी राहायची. सुनंदा सेकंद मोजायची आणि मध्येच रस्त्यावर स्कूटर वाजली की आकडा चुकायची. "मन कुठं आहे, मावशी?" हर्षला विचारायची. सुनंदा पुन्हा एकपासून सुरू करायची. रडायचं असेल तर परीक्षेनंतर रडू, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

माघी गणपतीच्या आदल्या रविवारी रूपेश आला. हाताची घडी घालून हॉलच्या भिंतीशी उभा राहिला. हर्षला घड्याळ लावून तयार होती. सुनंदानं एकदा दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली. माझी परीक्षा, मीच देते.

खुर्ची आधी. अर्ध्या मिनिटात तेरा.

मग एक पाय. पाच... सहा... सातला घोटा थरथरला, अंग उजवीकडं झुकलं. रूपेश दोन्ही हात पुढं करून धावला.

"हात मागं घे!" ती नजर न हलवता म्हणाली. आठ... नऊ... दहा. ती अकरालाही उभी होती, बारालाही. तेराला तिनं सावकाश पाय खाली ठेवला.

शेवटी जमीन. ती मांडी घालून बसली. उठायला गेली आणि अर्ध्यातून धप्पकन परत खाली. दसऱ्याआधीची ती ओली पडवी तिच्या डोळ्यांपुढं आली — तो खांब, तो दीड तास...

"मावशी, एक हात—" हर्षला पुटपुटली.

सुनंदानं मान हलवली. दोन्ही हात छातीशी जोडले, पावलं जवळ ओढली, भार पुढं टाकला. मांड्या जळत होत्या. कमरेतून, गुडघ्यांतून, इंचाइंचानं ती वर आली... आणि सरळ उभी राहिली.

रूपेश पुढं आला आणि आईच्या पायाशी वाकला. वर उठला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "हरलो गं आई. राहा तू इथं. फक्त रोज सकाळी एक फोन करत जा."

"दोन करीन," ती म्हणाली.

जेवून तो पनवेलला परत गेला. त्याची गाडी वळणाआड झाल्यावर सुनंदानं तोंडावर पाणी मारलं, ठेवणीतली हिरवी साडी नेसली, नाक्यावर आली आणि चौकला जाणाऱ्या टमटममध्ये बसली.

गॅरेजमध्ये प्रवीण एका टेंपोखाली आडवा होता. बाहेर नुसत्या चपला दिसत होत्या.

"मी पास झाले," ती त्या चपलांना म्हणाली.

टेंपोखाली ठण्णकन काहीतरी वाजलं. कपाळ चोळत तो बाहेर सरकला, गालाला ग्रीस, डोळ्यांत उजेड. "तिन्ही?"

"तिन्ही. हात न टेकता. तुमी का नाय आलात?"

तो फडक्याला हात पुसत राहिला. "तुमी बरोबर बोललात त्या दिवशी. मी समोर असतो, तर मला हात पुढं करावासा वाटला असता... ती सवय वाईट. म्हणून नाय आलो. दर सरावानंतर विचारलं मात्र, हर्षलाला फोन करून. सातला अडकला होतात, मग आठ झाले, मग नऊ... सगळं ठाऊक हाय मला."

सुनंदाचा राग कधीच विरघळला होता. उरलासुरलाही आता गेला.

"ऐका," ती म्हणाली. "मला एकटीला राहता येतं. आज मुलासमोर दाखवून आले. म्हणून आता खाली मान न घालता बोलते." तिनं श्वास घेतला. "एकटीला राहता येतं... पण मला राहायचं नाय. तुमच्यासंगं राहायचंय. रीतसर लग्न करून. चौकला नाय पण. दहिवलीला, माझ्या घरात."

हायवेवरून एक ट्रक गडगडत गेला. प्रवीणचे ओठ हलले, पण ऐकू काहीच आलं नाही.

"काय म्हणालात?"

"म्हटलं... गॅरेज?"

"अर्ध्या तासाचा तर रस्ता. थंडीत येतच होतात की."

"आणि तुमचा रूपेश?"

तिनं पिशवीतून फोन काढला, नंबर लावला, स्पीकरवर टाकला. तिनं जे होतं ते चार वाक्यांत सांगून टाकलं, आडवळण न घेता. प्रवीणनं फडकं हातातल्या हातात पिळून काढलं.

"आई," रूपेश म्हणाला, "ते घोरतात का?"

प्रवीण कानापर्यंत लाल झाला.

"ते माझं मी बघीन," सुनंदा म्हणाली. पलीकडून मुलाचं हसू फुटलं, आधी दबकं, मग मोकळं. त्याच हसण्यात तिनं फोन बंद केला.

"कधी येऊ?" प्रवीणनं अगदी हळू विचारलं.

"लग्न ठरवू तारीख बघून. आज नुसतं घर बघायला चला. वाल तोडायला आलाय, तोही बघा." तिनं पदर कमरेला खोचला. "आणि स्कूटर मला सावकाश चालवलेली आवडते, आत्ताच सांगून ठेवते."

प्रवीणनं गॅरेजचं शटर ओढलं — भर दुपारी, गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा — आणि किल्ली शोधायला चारही खिसे चाचपू लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.