दाजी ठीक आहेत

दाजींचं घर रिकामं करायचं होतं. तसं काम साधंच. दोन पलंग, एक कपाट, थोडी भांडी आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरची एक पांढरी डबी. बाकीचं सामान टेम्पोवाला नेणार होता. डबी मात्र भाच्याला स्वतःच्या हाताने काढायची होती आणि त्या घरात एकट्याने जायचं नव्हतं, म्हणून मी बरोबर गेलो. निवृत्त कारकुनाचा जगाला शेवटी एवढाच उपयोग उरतो. कुणाला एकटं जायचं नसलं की न्यायला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहीण गेल्यावर ते तिथे एकटेच राहत. मुलगा दिवसभराच्या प्रवासाइतका लांब. त्या मुलाच्याच, म्हणजे भाच्याच्या घरी, मागच्या खोलीत मी राहतो. माझं स्वतःचं असं कुणी नाही, आणि भाचेसून भली आहे.

भाचा वेब सर्व्हर सांभाळतो. हे काम काय असतं ते कळायला मला फार दिवस लागले. तुम्हाला थोडक्यात सांगतो. लोकांची दुकानं, दवाखाने, शाळा यांच्या वेबसाइट ज्या यंत्रांवर चालतात, ती कुठे कुठे लांब ठेवलेली असतात. भाच्याच्या खोलीतली मोठी स्क्रीन त्यातल्या प्रत्येकाला सारखी विचारत असते, "आहेस का?" यंत्र म्हणतं, "ठीक." मग त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. उत्तर आलं नाही की लाल ठिपका आणि भोंगा. उत्तर यायला किती वेळ लागला, तो आकडाही शेजारी असतो. यंत्र जितकं लांब, तितका आकडा मोठा.

"म्हणजे हजेरीपटच की रे हा," मी म्हणालो होतो.

"मामांना यमाच्या दारातसुद्धा आधी हजेरीपटच दिसणार," सूनबाई म्हणाली.

या हजेरीपटात सगळ्यात खाली भाच्याने आपल्या वडिलांची ओळ घातली होती. नाव नुसतं 'बाबा'. दाजींच्या स्वयंपाकघरातल्या डबीवर सकाळ-संध्याकाळ दिवा लागे, दाजींनी बटण दाबायचं, की इकडे 'ठीक' उमटे आणि पुढे अंगठ्याची एक चिमुकली खूण, म्हणजे माणसाने स्वतः दाबलं. शिकलेल्या मुलाने शेवटी बापाला अंगठेबहाद्दर केलं, असं मी म्हणालो, तेव्हा दाजी फोनवर खूप हसले होते.

पण म्हातारा माणूस. कधी आंघोळीला गेलेला, कधी खुर्चीतच डोळा लागलेला. बटण राहून जाई, इकडे भोंगा वाजे, भाचा मीटिंग सोडून धावत फोन लावी आणि पलीकडून दाजी ओशाळून म्हणत, "अरे, तुझं काम मोडलं बघ माझ्यापायी. पुन्हा नाही व्हायचं." एका आठवड्यात असं तीनदा झालं. तेव्हा चहा पिताना मी आमच्या हेडक्लार्कची गोष्ट सांगितली. त्यांचा एक जास्तीचा कोट कायम खुर्चीच्या पाठीला असे. साहेबांनी डोकावून पाहिलं तरी कोट हजर, म्हणजे माणूस हजर. स्वारी मात्र बाजारात.

भाचा खदखदून हसला आणि त्याच संध्याकाळी त्याने सेटिंग बदललं. बटण दाबलं गेलं नाही तर डबीनेच परस्पर 'ठीक' म्हणायचं. डबी चालू, म्हणजे बाबा ठीक.

"तात्पुरतं आहे हं मामा," तो म्हणाला. "वेळ मिळाला की नीट लिहितो."

तात्पुरत्या गोष्टी किती वर्षं टिकतात, हे जन्मभर ऑफिसात बसलेल्या माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी मी म्हणालो, "बरं केलंस." भोंगा माझ्या दुपारच्या झोपेत वाजायचा.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. दाजी स्वयंपाकघरात पडले. नळ सुरूच राहिला. चौथ्या दिवशी दाराखालून पाणी जिन्यात आलं, तेव्हा शेजारणीने आरडाओरड केली. ते चारही दिवस मी त्या स्क्रीनसमोर बसून चहा प्यायलो होतो. 'बाबा' हिरवे होते. अंगठा नव्हता. पण ठिपका हिरवा असल्यावर अंगठा कोण बघतो? शिक्का असला की आम्ही कागद वाचत नसू.

तर त्या दुपारी आम्ही घर उघडलं. आभाळ भरून आलेलं, खिडक्यांतून राखाडी उजेड. फरशी कुणीतरी फिनेलने पुसून घेतली होती आणि त्या वासाखाली आणखी एक वास होता, त्याविषयी आम्ही दोघेही बोललो नाही. नळ आता घट्ट बंद होता. तरी भाचा दोनदा जाऊन तो आवळून आला.

शेजारीण चहा घेऊन आली. डबीकडे बघत म्हणाली, "फार कौतुक होतं हो काकांना ह्याचं. शेवटी शेवटी बरं नव्हतं त्यांना. मी म्हणायचे, मुलाला फोन लावू का? तर म्हणायचे, नको, तो कामात असतो. आणि त्याला तिथे बसल्या बसल्या कळतंच सगळं."

भाच्याने कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला. त्याने भिंतीवरून डबी काढली, वायर गुंडाळली.

"गरम आहे अजून," तो म्हणाला.

"चालू होती ना इतके दिवस."

"हो," तो म्हणाला. "चालूच होती."

डबी बॅगेत घालून आम्ही निघालो ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. सूनबाईने दार उघडलं. तिने पाणी दिलं. मग जरा वेळाने हलकेच म्हणाली, "ती डबी आणलीत का? आईकडे लावूया. तीही एकटीच असते. त्या वेळेला लाइन बंद पडली, हे आपलं नशीब. पण नसण्यापेक्षा..."

लाइन बंद पडली होती, असं भाच्याने सगळ्यांना सांगितलं होतं. मला ठाऊक होतं की ती बंद पडलेली नव्हती. मी बुटाची नाडी सोडत बसलो. माझ्या बुटाला नाडी नाही.

"बघू," भाचा म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला. मी मागोमाग गेलो. तो काय करणार ते मला कळलं होतं. ती ओळ एकदा पुसली, की डबीने काय सांगितलं होतं त्याचा मागमूस उरला नसता.

खोलीत पडदे ओढलेले होते. कूलरची घरघर होती. स्क्रीनचा हिरवा उजेड खुर्चीवर, भिंतीवर सांडलेला. सगळ्यात खालची ओळही हिरवीच होती.

*बाबा. ठीक.* आणि पुढे अंगठ्याची खूण.

भाचा उभाच राहिला. बॅग त्याच्या खांद्यावर होती आणि डबी त्या बॅगेत, वायर गुंडाळलेली.

"जुनं उत्तर राहिलं असेल," मी म्हणालो. मला त्यातलं काय कळतं? पण काहीतरी बोलायला हवं होतं.

"नाही मामा. आत्ताचं आहे." तो वाकला. "आणि आकडा बघा..."

दाजींच्या ओळीचा आकडा नेहमी सगळ्यांत मोठा असे. आता तो निम्म्यावर होता. आम्ही बघत असतानाच पुढचं उत्तर आलं. ठीक, अंगठा, आणि आकडा आणखी खाली.

"म्हणजे काय?"

"जवळून येतंय," तो म्हणाला.

पुढचं उत्तर. मग त्याच्या पुढचं. दर उत्तरागणिक आकडा उतरत होता, दमेकऱ्याने एकेक पायरी चढावी तसा, सावकाश, मध्ये थांबत. खोलीत फिनेलचा वास येऊ लागला. मी म्हटलं, आपल्या कपड्यांनाच असेल. हे मी मोठ्याने म्हणालो नाही.

भाच्याने माउस हातात घेतला. ओळ निवडली. 'ही ओळ काढायची?' असं स्क्रीनवर आलं. नुसतं 'होय' म्हणायचं होतं. त्याचं बोट माउसवर तसंच होतं, आणि खरं सांगतो, मनातल्या मनात मी म्हणत होतो, दाब रे बाबा, दाब. भीती वाटत होतीच. पण त्याहून जास्त लाज वाटत होती. तो जो कुणी येत होता, तो तक्रार घेऊन आला असता तर मी निभावून नेलं असतं. तक्रारींना तोंड देण्यात माझी हयात गेली. पण तो दरवेळी 'ठीक' म्हणत येत होता.

"लाइन बंद होती ना?" दारातून सूनबाईचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. ती स्क्रीनकडे बघत होती. "मग हे काय आहे?"

आकडा आता खोलीतल्या यंत्राइतका झाला होता, भाच्याच्या पायाशी घरघरणाऱ्या त्या यंत्राइतका.

"लाइन चालू होती," भाचा म्हणाला. "डबी चालू होती. मीच तिला सांगून ठेवलं होतं... बाबांनी बटण नाही दाबलं तरी ठीक म्हण. ते पडले होते, आणि ती ठीक म्हणत होती. चार दिवस. मला भोंगा नको होता."

"कोटाची गोष्ट मी सांगितली होती," मी म्हणालो. हे वाक्य इतकं लहान आणि इतकं उशिरा होतं की माझं मलाच ऐकवेना.

सूनबाईने भिंतीला हात टेकला. "आणि माझ्या आईच्या घरी तू हेच..."

भाचा स्क्रीनपुढे गुडघ्यांवर बसला. "बाबा," तो हळूच म्हणाला, "तुम्ही ठीक नव्हता ना? सांगा ना. एकदा तरी म्हणा..."

स्क्रीनवर लगेच उमटलं. *ठीक.* आणि अंगठा.

तेव्हा त्याने रडत रडत सेटिंग उघडलं आणि त्या दोन ओळी पुसल्या, डबीला खोटं बोलायला सांगणाऱ्या. कोट खुर्चीवरून काढला. क्षणभर काहीच झालं नाही. मग सगळ्यात खालचा ठिपका लाल झाला आणि भोंगा वाजू लागला. तेव्हा वाजायला हवा होता, तो. तो बंद करायला एक बटण पुरे असतं, पण कुणी हात लावला नाही. आम्ही तिघं मान खाली घालून तो ऐकत राहिलो. खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली, तरी ऐकत राहिलो. बऱ्याच वेळाने तो आपला आपण थांबला.

त्या दिवसापासून भाचा यंत्रावर विश्वास ठेवत नाही. सूनबाई दर आठवड्याला स्वतः आईकडे जाते. आणि भाचा रोज काम संपलं की माझ्या खोलीच्या दारावर टकटक करतो, विचारतो, "मामा, बरं आहे ना?" मी आतून म्हणतो, "बरं आहे," मग तो जातो. बरं असो वा नसो, मी तेच म्हणतो. त्याच्या तोंडावरचं ते अपराधीपण बघवत नाही. आणि हल्ली छातीत जरासं दुखतं, ते काय सांगत बसायचं?

काल संध्याकाळी मी पेपर वाचायला म्हणून बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसलो होतो. खुर्चीची पाठ उंच आहे, मी त्याला दिसलो नाही. तो माझ्या खोलीच्या बंद दारापाशी गेला, टकटक केली, विचारलं, "मामा, बरं आहे ना?"

'अरे, मी इथे आहे,' असं म्हणायला मी तोंड उघडलं. त्याआधीच आतून उत्तर आलं. आवाज माझाच होता.

"बरं आहे."

भाच्याने समाधानाने मान हलवली आणि तो गेला. मी त्याला हाक मारली नाही. दिवसभर काम करून दमलेला होता बिचारा.