झेन्झोची हजेरी

ऑगस्टच्या सुट्टीत लिव्हिंगस्टोनला सहल काढायची ही आमच्या शाळेतल्या परदेशी शिक्षकांची जुनी रीत. शाळेच्या गावाहून, कसानेहून निघायचं, काझुंगुलाला तराफ्यावरून झांबेझी नदी ओलांडायची, धबधबा बघायचा, बाजारात हिंडायचं आणि शाळा उघडायच्या आत परत यायचं. मी झिंबाब्वेतल्या प्लमट्रीकडची, गणित शिकवते. गाडी चालवायचा तो वाफुला, केनियाचा, खेळाचा मास्तर. आणि सहलीचे सर्वेसर्वा अमांक्वा सर, घानाचे, आमचे उपमुख्याध्यापक. त्या वर्षी आमच्याबरोबर मासिबांडाही होत्या. झेन्झोची आई.

झेन्झो आमच्याकडे विज्ञान शिकवायचा, माझ्याच गावाकडचा पोरगा. आदल्या वर्षी याच सहलीला जाताना नदीपलीकडच्या रस्त्यावर गाडी उलटली आणि तो जागीच गेला. मी तेव्हा बरोबर नव्हते. बाकीच्यांनी त्याला शवागारात ठेवलं आणि सहल पुरी करून आले. धबधब्यापुढे हसत उभे राहून फोटोसुद्धा काढले. मी विचारलं तेव्हा अमांक्वा सर म्हणाले, "हॉटेल आधीच ठरलं होतं, थाबी बाई. रद्द कसं करणार?" ते वाक्य आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

देह गावी आला, मातीत गेला. पण आमच्यात मानतात की माणूस जिथे पडतो तिथेच त्याचा जीव थांबून राहतो. घरच्या माणसाने उम्फाफा झाडाची काटेरी फांदी घेऊन तिथे जायचं, ती जमिनीला टेकवायची, नावाने हाक मारायची आणि फांदीबरोबर त्याला घरी आणायचं. वाटेत त्याला बसायला जागा द्यायची, वळण आलं, पाणी आलं की सांगायचं. फांदी धरणाऱ्याने दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. आणि घर येईपर्यंत त्याचं नाव दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. जो हाक मारेल त्याच्यामागे तो जातो.

हे सगळं मी अमांक्वा सरांना समजावून सांगितलं होतं. ते हसले. "सहल आहे बाई, मयत नाही. म्हातारी तोंड पाडून बसणार आणि आम्ही काय भजनं म्हणायची?" मासिबांडांना नेणार नसाल तर मी गाडी चालवणार नाही, असं वाफुलाने ठणकावलं, तेव्हा कुठे ते गप्प बसले.

परतीच्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही त्या जागी थांबलो. रानात कुठेतरी गवत जळत होतं, हवेत धूर होता. एका मोपानी झाडाची साल अजून सोललेली दिसत होती. मासिबांडा उतरल्या, गुडघ्यावर बसल्या आणि फांदी मातीला टेकवली. गाडीत अमांक्वा सरांनी रेडिओ लावलेला. वाफुलाने हात घालून तो बंद केला.

"झेन्झो… ऊठ बाळा. मी आलेय. चल, घरी जाऊ."

ऑगस्टात तिकडे पावसाचा थेंब नसतो. पण मला ओल्या मातीचा वास आला. मासिबांडा उठल्या तेव्हा त्यांचा हात खाली ओढला जात होता. वाळकी काटकी ती, पण भरलेली घागर धरावी तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती. एक अक्षर न बोलता त्या गाडीकडे आल्या. पाहते तर त्यांच्या शेजारच्या सीटवर सरांनी थंड बाटल्यांचं खोकं ठेवलेलं!

"फांदीला सीट?" सर म्हणाले. "आणि खिडकीचीच हवी का तिला?"

मी ते खोकं उचललं आणि त्यांच्या मांडीवर आदळलं. मासिबांडांनी फांदी अलगद सीटवर ठेवली. सीट खाली दबली. मी स्वतः पाहिलं. थोड्या वेळाने त्या बाजूची काच आतून वाफेने धुरकटली, मग निवळली, मग पुन्हा धुरकटली. वाफुला आरशात बघत होता. त्याने आरसा वर फिरवून टाकला.

मासिबांडा पुटपुटत होत्या, "हे वळण आलं बाळा… हा उतार…" इतक्या मायेने कुणी कुणाशी बोलताना मी ऐकलं नाही. भीती कमी वाटत होती आणि रडूच जास्त येत होतं मला.

नदीवर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. शेवटचा तराफा लागत होता. "आता पाणी आहे, बाळा. घाबरू नकोस. माझ्याजवळच बस."

आता सरांची एक खोड. सीमा आली की ते गाडीच्या दारात उभे राहून हजेरी घ्यायचे, आम्ही जणू तिसरीतली पोरं. आम्हीही गंमत म्हणून "हजर, सर" म्हणायचो.

"वाफुला?"

"हजर."

"थाबी?"

मी मान हलवली.

"मासिबांडा? …मासिबांडा! हजर म्हणायला काय जीभ झिजते?"

"सर, त्यांना बोलायचं नाही. तुम्हाला ठाऊक आहे," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला. चारचौघांत कुणी अडवलेलं त्यांना कधीच खपत नसे. मग ते हसले. "बरं. मग ज्याची सीट आहे त्यालाच विचारू. काय रे झेन्झो?"

"सर!" मी ओरडले. पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

"हजर… सर."

आवाज मोठा नव्हता. त्या सीटवरून आला. झेन्झोचाच, शिक्षकांच्या खोलीत मान खाली घालून वह्या तपासताना ओ द्यायचा तसा. वाफुलाच्या हातातून किल्ली पडली. काच निवळली ती पुन्हा धुरकटली नाही. दबलेली सीट हळूहळू वर आली. मासिबांडांनी फांदी उचलली, आणि ती इतकी सहज उचलली गेली की त्यांचा हात वर उडाला.

"कोण… कुणी चेष्टा केली?" सर मागे सरकले. ओल्या मातीचा वास आता त्यांच्या अंगाला येत होता.

मासिबांडांनी मौन सोडलं. "माझ्या लेकराला हाक कुणी मारली?"

मी सरांची कॉलर धरली. हो, धरली! "परत हाक मारा त्याला! म्हणा, आईकडे जा! आत्ता म्हणा!"

"असला अडाणीपणा मी करणार नाही," ते म्हणाले, आणि दातावर दात वाजत होते त्यांचे. अडाणीपणा! पार्टीत पहिला घोट पूर्वजांसाठी जमिनीवर ओतल्याशिवाय हा माणूस ग्लास तोंडाला लावत नसे. स्वतःचे मेलेले ते पूर्वज, आणि दुसऱ्याच्या पोटचं पोर म्हणजे चेष्टा?

मासिबांडा नदीभर हाका मारत राहिल्या. फांदी जड झाली नाही. गावी फांदी पुरायला खड्डा खणून ठेवला होता, भाऊबंद जमले होते. त्यांच्यासमोर ती माउली हलकी काटकी घेऊन उभी राहिली.

सत्र संपायच्या आतच अमांक्वा सर नोकरी सोडून घानाला, कुमासीला निघून गेले. मला न भेटता. जाण्याआधी एकदा प्लमट्रीला या, मासिबांडांच्या दारात उभं राहून त्याला सोडा, म्हणून मी चिठ्ठीवर चिठ्ठी धाडली होती. आता त्या पोराला आणणार कोण? जिने कधी विमान पाहिलं नाही ती म्हातारी?

परवा फोन आला. त्यांची बायको, अबेना.

"थाबी बाई ना? हे काही बोलत नाहीत, म्हणून तुम्हालाच विचारते. माझी धाकटी एक शब्द शिकलीय. इथे कुणाला कळत नाही. अंगणातला काका म्हणतो, असं सांगते. एखाया… एखाया… म्हणजे काय हो?"

"घरी," मी म्हणाले. "आमच्या भाषेत. घरी."



"पण फाटक तर आम्ही उघडंच ठेवतो," ती म्हणाली. "तो जात नाही. नुसता तिच्यापुढे हात करून उभा राहतो, म्हणते. …आणि बाई, सकाळपासून ती पोरगी पायातल्या चपला काढू देत नाहीये."