जिवनबाईची विहीर

बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या प्रेमसिंगचं प्रेत गळाला लागून विहिरीतून वर आलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि पोलीस पाटील रूपाबाईच्या पोटात अजून चहाचा घोटही गेला नव्हता. लाकडं ओली आहेत, चूल पेटत नाही, असं सून शिला म्हणाली होती.

प्रेत दिसताच विहिरीवर जमलेल्या माणसांनी निकाल लावून टाकला. जिवनबाईनं ओढलं. वीस वर्षांपूर्वी ती याच विहिरीत गेली आणि तिन्हीसांजेला अजून हाक मारते, असं सगळे म्हणतात. रूपाबाईही तिकडून जाताना पदर गच्च धरायची. सरकारनं पोलीस पाटील नेमलं म्हणून भीती थोडीच जाते?

गळ टाकायला सकाळीच ठाण्यातून आलेले जमादार अशफाक पुढं झाले.

"पाटीलबाई, याला शेवटचं कोणी पाहिलं?"

"आमीच सगळ्यांनी. काल सांजच्याला हळदीच्या वावराला पाणी द्यायला निघाला. एकलाच."

"भांडण कोणाशी?"

"पाण्याच्या पाळीवरून आमच्या दिपकशी. पर ते रोजचंच."

"मग पाय घसरला, असं लिहू?"

ती हो म्हणणारच होती. तेवढ्यात तिची नजर तांड्याकडे गेली. बातमी पोचली तशा बायका चुली विझवत होत्या, कारण मयत उठेपर्यंत तांड्यात कोणी चूल पेटवत नाही. घराघरांवरचा धूर विरत चालला होता. रूपाबाईला आपली न पेटलेली चूल आठवली.

"जमादार, जरा माझ्या घरी चला."

दारात तिचा मुलगा दिपक बसला होता. तिनं सरपणातलं एक लाकूड गुडघ्यावर मोडलं. ते खडखडीत वाळलेलं होतं.

"शिला, चूल काहून न्हाई पेटवली?"

शिला चुलीकडं पाठ करून उभी राहिली.

"मंग मीच सांगते, जमादार. मयताची खबर दहाला आली. माझ्या घरची चूल दिवस उगवल्यापासून बंद हाये. सरपण वाळलेलं, सून धडधाकट. मयत पडलंय हे या घराला आधीच ठाऊक होतं. आन् पाळीचं भांडण याच घराशी होतं."

सासूपुढं शिलाला रडू फुटलं. "ह्यांनी ढकललं त्याला. घरी येऊन मला सांगितलं. मयत पडलेलं असताना भाकर कशी थापू, याडी?"

दिपक खाली मान घालून आईला म्हणाला, "याडी, जिवनबाईनं ओढलं म्हण. सगळेच म्हणून राहिले. मी तुझं एकलंच लेकरू."

अशफाक कागद धरून उभेच राहिले. त्या विहिरीतल्या बाईनं वीस वर्षांत एकदा तरी खरंच कोणाला ओढलं असतं तर बरं झालं असतं, असं रूपाबाईला मनापासून वाटलं.

"लिहा," ती म्हणाली. "आरोपी दिपक उत्तमसिंग, वय सव्वीस. खबर देणार, पोलीस पाटील रूपाबाई. नातं, आई."