सहीची जागा

बँकेच्या दारातच तिच्या हातातली फाईल निसटली आणि सात वर्षांचे पगाराचे कागद फरशीभर पसरले. "मेले आता," ती पुटपुटली. कागद गोळा करायला वाकलेला माणूस हसला.

"आधी कर्ज तरी मंजूर होऊ द्या... मरायची घाई कशाला?"

परक्या देशात, आणि चक्क मराठीत! तो तिथला कर्ज-अधिकारी निघाला आणि तिचा अर्जही त्याच्याच टेबलावर आला.

ती कवळ्या बनवायची. जगाला दात देणारी बाई, पण त्याच्यासमोर बसली की तिचीच दातखीळ बसायची. कर्ज पंचवीस वर्षांचं आणि इथं राहायचा परवाना दोनच वर्षांचा! शुक्रवारपर्यंत मंजुरी आली नाही तर घर दुसऱ्याचं होणार होतं, बयाणाही बुडणार होता. घर म्हणजे तरी काय, दोन खोल्या. पण सात वर्षांत सहा घरमालक पाहिलेल्या तिला भिंतीत एक खिळा कुणालाही न विचारता ठोकायचा होता.

दर भेटीत एखादा कागद घरीच राहायचा. मुद्दाम नव्हे हो, पण राहायचा खरा. मग पुन्हा खेप, पुन्हा चहा. तिला साखर कमी लागते हे त्याला आता पाठ झालं होतं. आई फोनवर म्हणायची, "घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. तू दोन्हीतलं एक तरी पाहा, बाई."

बुधवारी मात्र चहा आला नाही. तिनंच विचारलं,

"नामंजूर?"

"नाही. कागद चोख आहेत." त्यानं एक पान पुढे सरकवलं. "मंजुरीआधी मला इथं सही करावी लागते... अर्जदाराशी माझा काही संबंध नाही, म्हणून. दोन दिवस पेन धरून बसलोय."

"मग करा की."

"माझ्या बाजूनं ते खोटं आहे."

तिचे कान तापले, हात मात्र गारठले. सही झाली नाही तर फाईल पलीकडच्या बाईंकडे जाणार, त्या पहिल्या पानापासून तपासणार आणि शुक्रवार गाठला जाईल याची खात्री नाही, हे त्यानं खालमानेनं सांगून टाकलं.

"तुम्ही म्हणालात तर करतो सही. मग पुन्हा भेटणार नाही... म्हणजे ते खोटंही राहणार नाही."

दोन खोल्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या, तो न ठोकलेला खिळाही. तिनं त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि टोपण लावलं.

"नका करू," ती म्हणाली. "माझ्याही बाजूनं खोटंच होईल ते."

बाईंच्या टेबलापर्यंत जेमतेम दहा पावलं होती, ती फाईल घेऊन तिथं जाऊन बसली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, परवान्याच्या तारखेवर बोट ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला सांगितलं. तिनं एकदाच मागे पाहिलं. काचेपलीकडे तो उभा होता, दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन. ती बाईंकडे वळली आणि तिनं सांगायला सुरुवात केली.